धुरपताबाईंचं चव रजिस्टर

अकरा वर्षं मी धुरपताबाईंच्या हातची खिचडी रोज एक चमचा खाल्ली आणि रोज सही केली. शाळेच्या खिचडीचा नियमच तसा आहे. पोरांच्या ताटात पडायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकानं ती खाऊन बघायची आणि चव रजिस्टरात तारीख टाकून लिहायचं, ‘शिजलेली आहे, चव चांगली.’ खाली सही. आमच्या शाळेत हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्या सगळ्या सरांना ॲसिडिटी होते. मला कसलीच होत नाही, मी गणिताचा मास्तर आहे.

शाळा रेणापूरहून आत दहा किलोमीटरवर. पाचवी ते दहावी, खाजगी अनुदानित. म्हणजे शाळा संस्थेची आणि पगार सरकारचा. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब, मुख्याध्यापक अण्णाराव, आणि मी महांतेश, नववीचा वर्गशिक्षक. खिचडी आठवीपर्यंतच्याच पोरांना मिळते. नववी-दहावीची पोरं नुसता वास घेऊन पुढं जातात.

धुरपताबाई पंचेचाळिशीच्या आहेत. उंच, हाडकुळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. नवरा सुदाम आणि थोरला मुलगा अंगद, दोघं लातूरच्या मोंढ्यात हमाली करतात आणि आठवड्यातनं एकदा गावाकडं येतात. घरी बाई आणि धाकटी राजकन्या. बाईंना अक्षर येत नाही, पण कोणत्या वर्गात आज किती पोरं आली, कोण दोन दिवस आलं नाही, कोण ताटात टाकून उठलं, हे सगळं तोंडपाठ. तोंड मात्र असं फटकळ की शिपायापासून अण्णारावांपर्यंत सगळे जरा लांबूनच बोलतात. मी एकदा म्हणालो, “मावशी, मीठ जरा कमी वाटतंय.” तर म्हणाल्या, “सर, घरी बी असंच बोलता का? मंग वैनीची कमाल हाय.”

आता एक गोष्ट सांगतो, ती आधी सांगायला पाहिजे. राजकन्या सहावीत असतानाची. सकाळी अर्ध्या शिजण्यात गॅस संपला. बाईंनी तीन दगड मांडले, ओलं जळण फुंकून फुंकून पातेलं उतरवलं. त्या दिवशी मी फोनवर बोलत होतो. चमचा हातात होता, रजिस्टर पुढ्यात होतं, आणि मी न खाताच सही ठोकली. वाढल्यावर पाचवीच्या एका पोरीनं घास थुंकला. तांदूळ कच्चाच होता. अण्णाराव धावत आले आणि सगळ्या पोरांसमोर बाईंवर तोंड टाकलं. मी तिथंच उभा. मला वाटलं, आता बाई म्हणणार, सरांनी सही केलीय, विचारा त्यांना.

त्या तसं बोलल्या नाहीत. गॅसचंही नाव काढलं नाही. “शिजविनारी मी हाय, चूक माजी हाय,” एवढंच म्हणाल्या. सगळी ताटं परत घेतली, पातेल्यात पाणी घातलं, पुन्हा चढवलं. पोरं तीन वाजता जेवली. तोवर बाई जाळापुढून हलल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. माझी सही रजिस्टरात तशीच राहिली. मी त्यांना कधी त्याबद्दल बोललो नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

आता आमच्या शाळेच्या निकालाचं सांगतो. लातूरकडचा माणूस शाळेचं नाव नंतर विचारतो, निकाल आधी. आमच्या फाटकावर दर वर्षी फ्लेक्स लागायचा, ‘दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग नववे वर्ष.’ त्यावर आप्पासाहेबांचा हात जोडलेला फोटो. तो शंभर टक्के कसा यायचा ते मला विचारा, कारण करणारा मीच. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही म्हणून पोरं आपसूक वर सरकायची. नववीत आली की मी एप्रिलमध्ये यादी करायचो. जी पोरं दहावीला पडतील असं वाटतं, त्यांच्या आईबापाला बोलावून सांगायचं, दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. शाळेत न येता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. शाळा सुटलेल्या, वय झालेल्या माणसांसाठी चांगली सोय आहे ती. आम्ही तिचा केरसुणीसारखा वापर केला. पोर बाहेरून बसलं म्हणजे पडलं काय, बसलंच नाही काय, आमच्या निकालात मोजलं जात नाही. आईबाप अर्ज द्यायचे, ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने दाखला मागत आहे.’ तो मजकूरही माझाच.

सहा वर्षांमागं त्या यादीत अंगद होता. धुरपताबाईंनी तेव्हा निमूट अंगठा दिला. सर म्हणतात तर बरोबरच असेल, असं त्यांना वाटलं. अंगदनं फॉर्म भरला नाही, कुणी भरूनही घेतला नाही. दोन महिन्यांत तो बापाबरोबर पोती उचलायला लागला.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये यादी अकरा जणांची झाली आणि चौथं नाव राजकन्या. भूमिती तर सोडाच, पोरीला भागाकारात हातचा लक्षात राहत नव्हता. मी बाईंना खिचडीच्या शेडमध्येच गाठलं. नेहमीचं बोलणं पाठ होतं, ते बोलून टाकलं. मावशी, पोरीचंच भलं आहे, घरी बसून आरामात अभ्यास करील, शाळेतून बसून पडली तर नाव खराब.

बाई डाळ निवडत होत्या. हात थांबला नाही. “कुनाचं नाव?”

“म्हणजे... पोरीचंच.”

“अंगदच्या येळंला बी तुमी ह्येच मनलं हुतं, सर. आराम, घरी बसून. लई आराम करून राहिला बघा त्यो. पाठीला घट्टे पडलेत.” मग सूप खाली ठेवून सरळ माझ्याकडं बघितलं. “राजकन्या दहावीला ह्याच शाळंतनं बसनार. अंगठा मी देनार न्हाई. तुमी काय करायचं ते करा.”

मी अण्णारावांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “बाईचा अंगठा कशाला पाहिजे? बाप आहे ना? आणि सर, आप्पासाहेबांनी विचारलं तर मी तुमचंच नाव सांगणार आहे.” माणूस नोकरीला किती भितो हे भ्यायल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलला किक मारली आणि अर्ज घेऊन लातूर गाठलं.

मोंढ्यात तुरीची आवक जोरात होती. एका आडतीपुढं सुदाम सापडला, अंगभर भुसा. मी अर्ज पुढं केला. “सर म्हनतेत तर करतो की,” म्हणून त्यानं घाम पुसला आणि जेमतेम येणारी सही केली. तेवढ्यात पोतं टाकून अंगद आला. मला बघून त्यानं डोक्यावरचं गोणपाट काढलं आणि माझ्या पाया पडला. मी मागं सरकलो तर म्हणाला, “सर, च्या घ्या ना, लांबून आलाव.” कागदाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “सतरा नंबर का, सर?”

मी हो म्हणालो. चहा घेतला. पैसे पोरानं आधीच दिलेले. परत येताना मला स्वतःची अशी चीड आली की रस्त्यात दोनदा गाडी थांबवली. तरी अर्ज खिशातच ठेवला. फाडला नाही, हेही सांगून टाकतो.

दोनच दिवसांनी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी आले. खिचडी तपासायला. साहेबांनी पोती बघितली, बाईंची नखं बघितली, डोक्याचं फडकं बघितलं, चव रजिस्टर पान अन् पान उलटलं. एक चमचा खाल्ला. “उत्तम,” म्हणाले. अण्णाराव खूश, साहेबांना नारळपाणी द्यायला ऑफिसकडं नेऊ लागले.

“साहेब, येक इचारू का?” धुरपताबाई पदराला हात पुसत पुढं आल्या.

“विचारा ना, बाई.”

“ही खिचडी कच्ची राहिली, तर जाब कुनाला?”

“तुम्हाला. आणि सही करणाऱ्या सरांना.”

“तांदळाला न्हाई?”

साहेब हसले. “तांदळाला काय विचारायचं?”

“मंग माज्या लेकीला कामून इचारून राहिलेत ह्ये?” बाईंचा आवाज चढला. “पाचवीपासून ह्येंच्याच हाती दिली. पाच वर्सं. मी रोज धा वाजता येती, माजी खिचडी रोज कुनीतरी खाऊन बघतंय, सही करतंय. माज्या लेकीला काय आलं, काय न्हाई आलं, कुनी खाऊन बघितलं का? कुटं हाय त्येचं रजिस्टर? आन आता म्हनतेत, हिला गनित येत न्हाई, हिला घिऊन जा. अकरा लेकरं हायेत अशी. माजा थोरला बी असाच काढला.”

साहेबांनी अण्णारावांकडं बघितलं. अण्णाराव तयारीचे गडी. “तसं काही नाही, साहेब. पालकांनीच दाखला मागितलाय. वडिलांची सही आहे. सर, दाखवा अर्ज.”

माझा हात खिशाकडं गेला. बाई गर्रकन वळल्या. त्यांना ठाऊकच नव्हतं.

“तुमी लातूरला गेलता, सर?” एवढंच विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला तो तीन वाजताचा दिवस आठवला. ह्या बाईनं माझी चूक गिळली होती आणि मी तिच्या मागून तिच्या नवऱ्याची सही आणली होती. शरम वाटली मला, दुसरा शब्द नाही. तोंडातनं आपोआप निघून गेलं, “हो, गेलो होतो. साहेब, हा अर्ज. मजकूर माझा आहे, सही मी आणलीय. ह्या घराला कसलीही घरगुती अडचण नाही. राजकन्या पाच वर्षं माझ्याकडं गणित शिकली. चार वर्षं तिला काही येत नसताना मी तिला वर ढकलली. दर वर्षी न बघता सही केली.”

साहेब बराच वेळ अर्ज वाचत होते, वाचायला त्यात चारच ओळी होत्या. मग तो घडी करून त्यांनी आपल्या फाइलीत घातला आणि अकरा जणांची यादी मागितली. नारळपाणी तसंच राहिलं. आठवड्यानं लेखी पत्र आलं, कुणाचाही दाखला पालकांना समक्ष विचारल्याशिवाय काढायचा नाही. तोवर चौघांचे निघाले होते, ते परत आलेच नाहीत. सात जण दहावीत बसले. मला संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. आप्पासाहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी धुरपताबाईंनी मला बोलावून घेतलं. माफी वगैरे मागायची मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. “सर, ते ऱ्हाऊ द्या. रजिस्टर करा.”

“कसलं?”

“लेकरांचं. दर शनवारी बघायचं काय आलं, काय न्हाई, आन ल्ह्यायचं. खोटं ल्ह्यायचं न्हाई. मी येऊन इचारनार.”

मी शंभर पानी वही आणली. रोज शाळेच्या आधी तासभर सात पोरं घेऊन शेडच्या कडेला बसू लागलो, पाचवीच्या पुस्तकापासून. बाई पलीकडं कांदा चिरायच्या. मध्येच, “ए राजे, सर काय सांगून राहिलेत, तिकडं बघ!” शनिवारी एकेकाला उभं करून गणित घालायचं आणि वहीत लिहायचं. भागाकार येतो. दशांश येत नाही. सही. शेकडेवारी येते, नफा-तोटा गडबड. सही. चार-पाच शनिवारांत बाकीच्या पोरांच्या आयाही येऊन बसायला लागल्या. कुणी शेतात जाता जाता, खुरपं हातात धरून. मला वाचून दाखवावं लागायचं. ‘येत नाही’ असं वाचताना जीभ जड व्हायची, कारण आया पोराकडं बघायच्या नाहीत, माझ्याकडं बघायच्या. वीस वर्षांच्या नोकरीत मला कुठल्या अधिकाऱ्याची इतकी भीती वाटली नव्हती.

राजकन्या हळूहळू वर आली. बीजगणित जमायला लागलं. भूमितीत मात्र प्रमेय म्हटलं की पोरीच्या तोंडचं पाणी पळायचं. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी मी वहीत लिहिलं, ‘बीजगणित येते. भूमिती अजून नाही.’ लिहिताना वाटलं, आज तरी चांगलं लिहावं, पोरीला धीर येईल. पण लिहिलं तेच, आणि बाईंना वाचून दाखवलं. बाईंनी नुसती मान हलवली.

मे महिन्यात निकाल लागला. शेहेचाळीसपैकी त्रेचाळीस पास. सातांपैकी पाच जण निघाले, दोघं राहिले. राजकन्या गणितात राहिली. बाकी सगळे विषय चांगल्या मार्कांनी, गणितात सत्तावीस. त्या वर्षी फाटकावर फ्लेक्स लागला नाही. अण्णारावांचा फोन आला, “झालं समाधान?” मी फोन ठेवून दिला. पोरीला आशेला लावून मी तोंडघशी पाडली, ह्याचंच वाईट वाटत होतं. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. बाईंना तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपायाचा निरोप आला, धुरपताबाई शाळेत येऊन बसल्यात. सुट्टीचे दिवस, शेडमध्ये चूल थंड, पातेली पालथी. बाई ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी राजकन्या, डोळे सुजलेले. मी गेलो आणि आधीच हात जोडले. “मावशी, चुकलो.”

“कशाला चुकलाव? वहीत काय ल्हिलं हुतं तुमी?”

“भूमिती अजून नाही.”

“मंग! खोटं ल्हिलं न्हाई न्हवं. मला म्हाईत हुतं.” त्यांनी कमरेचा पदर घट्ट केला. “सर, त्या दिशी माजा तांदूळ राहिला, तवा मी काय केलं हुतं?”

मी म्हणालो, “परत चढवलंत.”

“मी कुनाला घरी जा मनलं का? पोरं उपाशी ठिवली का? तीन वाजले, पर जेऊ घातलं. आता तुमी चढवा. जूनअखेरला परत परीक्षा हाय मनतेत. आजपासून.”

मी कपाटातून वही काढली, खडू घेतला. राजकन्येनं डोळे पुसून पाटी मांडीवर घेतली. तेवढ्यात बाईंनी दाराकडं बघून हाक मारली, “ये की रं आत. लाजतो कशाला?”

दारात अंगद उभा होता. चपला बाहेर काढून, धुतलेला सदरा घालून. मोंढ्याला सुट्टी टाकून आला होता. एकवीस वर्षांचा बाप्या, पण वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा अवघडलेला.

“ह्याला बी घ्या,” धुरपताबाई म्हणाल्या. “ह्येची तर तुमी चवच घेतली न्हाई.”

तो पायाकडं वाकायला लागला, तर मी त्याला दंडाला धरून बसवला. “सर, त्यो सतरा नंबरचा फॉर्म कवा सुटतो?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, ऑगस्टच्या सुमारास, आणि तो मी स्वतः तुझ्याबरोबर येऊन भरणार आहे. मग त्याला एक भागाकार घातला, तीन अंकी. घट्टे पडलेल्या बोटांत खडू नीट बसत नव्हता. हातचा विसरला, पुसलं, पुन्हा केलं. उत्तर बरोबर आलं.

मी वहीत राजकन्येच्या खाली अंगदचं नाव लिहिलं, तारीख टाकली आणि लिहिलं, ‘भागाकार येतो.’ बाई माझ्या पेनाकडं बघत होत्या. मी ते गणित आणखी एकदा तपासून बघितलं आणि मग सही केली.